सहा सह्या आणि चाळीस कलमं

एप्रिल संपत आला होता, तेव्हा गावाहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, वरकशीत काजू लावायचा म्हणतोय. परसातल्या माडांवर मिरी चढवीन, मधल्या जागेत दालचिनी, जायफळ. सरकारी योजना आहेत, अर्ज भरायला घेतलाय. पण सातबारा सामाईक. सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र लागणार म्हणाले. मी इथे एकटा, बाकीचे सहा जण तुमच्या मुंबईत. पावसाआधी सह्या मिळाल्या तर बरं, नाहीतर हेही वर्ष गेलं."

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, लांजा तालुक्यात. मी मुलुंडला राहतो. त्या रात्री पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर उतरवून घेतला आणि नावं वाचली. आजोबांचे तीन मुलगे आणि एक मुलगी, त्यांच्या वारसांची मिळून सात नावं. गावात एक, मुलुंडला दोन, घाटकोपरला दोन, अंधेरीला एक, बोरिवलीला एक. जमीन लांज्यात, पण तिचे मालक सेंट्रल आणि वेस्टर्नच्या स्टेशनांवर विखुरलेले. कोकणात कितीतरी वरकस, म्हणजे डोंगरउताराची, जमीन पडीक आहे, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. पाऊस पडतो, माती आहे, योजनाही आहे. सह्या एका ठिकाणी येत नाहीत.

संमतीपत्राच्या सहा प्रती काढल्या, निळ्या शाईचं पेन घेतलं आणि रविवारी सकाळी निघालो. कागद कुरिअरने पाठवले असते तर तीन घरी ते फ्रीजवर पडून राहिले असते. जमिनीच्या कागदावर सही मागायची तर समोर बसून मागावी, चहा घेऊन मागावी, असं माझे वडील म्हणत.

पहिली सही माझीच. दुसरी वहिनीची. माझा थोरला भाऊ गेल्यावर त्याच्या जागी तिचं नाव लागलं आहे. ती मिठागर रोडवर राहते, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. कागद हातात घेतला आणि चष्मा शोधता शोधता तिने विचारलं, "भावजी, ही हक्कसोड नाही ना?"

हा प्रश्न त्या दिवशी मला प्रत्येक घरात भेटला. तो विचारण्यात काही चूक नाही. कोकणात भोळ्या माणसांकडून, विशेषतः बायकांकडून, "नुसती सही कर" असं सांगून हक्क काढून घेतल्याच्या गोष्टी घरोघर आहेत. मी वहिनीला समजावलं. हक्कसोडपत्राची रीतसर नोंदणी करावी लागते, त्यानंतर नाव सातबाऱ्यावरून उतरतं. संमतीपत्राने नाव जिथल्या तिथे राहतं. या जमिनीत झाडं लावायला आणि लावणाऱ्याने अनुदान घ्यायला माझी हरकत नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. वहिनीने कागद दोनदा वाचला, मग सही केली. "ह्यांना काजूचं झाड लई आवडायचं," एवढं बोलून ती पाणी आणायला आत गेली.

मुलुंडहून घाटकोपरला धिमी लोकल. रविवार असल्याने बसायला जागा मिळाली. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी ही स्टेशनं मी सदतीस वर्षं कामावर जाता-येता पाहिली. निवृत्त झालो तेव्हा पगाराच्या जुन्या चिठ्ठ्यांचं बाड घरी आणलं होतं. त्या प्रत्येक चिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात एक ओळ असे : व्यवसाय कर. अलीकडच्या वर्षांत महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. हा कर कशासाठी कापतात, हे नोकरीच्या निम्म्या काळापर्यंत मला ठाऊक नव्हतं. माझ्यासारख्या अनेकांना आजही नसेल.

तो कर रोजगार हमीसाठी होता. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात रोजगार हमीचा पहिला प्रयोग करून पाहिला. 1972 च्या दुष्काळात त्या कल्पनेने महाराष्ट्रभर माणसं जगवली. पुढे 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा. त्यासाठी 1975 साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला गेला. जमा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ती व्यवस्था होती. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या लाखो पगारदारांच्या चिठ्ठीतून तो पैसा गेला.

आणि 1990 साली त्याच रोजगार हमीला महाराष्ट्राने फळबागेची जोड दिली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, त्याची मजुरी रोजगार हमीतून. आंबा, काजू, चिकू, डाळिंब, बोर यांच्या बागा त्या दशकात महाराष्ट्रभर उभ्या राहिल्या, आणि कोकणातल्या काजूच्या कितीतरी बागांचं मूळ त्या योजनेत आहे. आमच्या वरकशीतही मोठ्या काकांनी 1991 च्या पावसात काजू लावला होता. मी मुलुंडहून गाडी पकडून कामावर जात होतो, माझ्या पगारातून कर कापला जात होता आणि माझ्याच गावात त्या पैशाचे खड्डे खणले जात होते. हे कळलं त्या दिवसापासून ती कपात मला कधी बोचली नाही.

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत काकीचं घर. गल्लीत शिरतानाच नाकात मिरची गेली. मे महिना तोंडावर होता, मसाल्याचे दिवस. गिरणीबाहेर पिशव्या घेऊन बायका रांगेत बसल्या होत्या. काकी घरात जमिनीवर कागद पसरून मसाला निवडत होती : बेडगी, संकेश्वरी, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, लवंग, मिरी, दालचिनी. तिने दालचिनीचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. "हा दुकानातला आणि हा गावचा. वास घेऊन सांग."

दुकानातला तुकडा जाड, काळपट, दगडासारखा टणक. गावचा पातळ, फिक्या रंगाचा, बोटांनी चुरला जाणारा, आणि त्याला गोडसर वास. दालचिनी म्हणून बाजारात आपण घेतो ती बहुतेक वेळा कॅशिया नावाच्या दुसऱ्याच झाडाची साल असते. ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते. लवंग येते मादागास्कर, टांझानिया, इंडोनेशियातून. काजूगराचे कारखाने वर्षभर चालवायचे तर कच्चा काजू आफ्रिकेतून आणावा लागतो. ज्या किनाऱ्यावरच्या मिरीसाठी पोर्तुगीज, डच, इंग्रज जहाजं घेऊन आले, त्या देशाच्या स्वयंपाकघरात आज परदेशी साल दळली जाते. काकीला यातलं काही सांगावं लागलं नाही. तिचं नाक सगळं ओळखतं.

काकीची सही म्हणजे अंगठा नव्हे, हे ती मला दरवेळी बजावते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही तिने पूर्ण नावाने केली, शेवटी रेघ ओढली. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, वर्षभर नोकरीविना आहे. त्याने सही करण्याआधी मला बसवून प्रश्न विचारले आणि ते मला आवडलं. काजू नि मिरी पिकल्यावर गावातच मसाला आणि गर करण्याचा छोटा कारखाना टाकता येईल का, हा त्याचा प्रश्न. 2020 पासून केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आहे. पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान त्यात मिळतं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. चार सह्या झाल्या.

घाटकोपरहून मेट्रो. 2014 च्या जूनमध्ये ही पहिली मेट्रो सुरू झाली नसती, तर पूर्वेकडची नि पश्चिमेकडची आमची माणसं एका रविवारात भेटणं अवघड होतं. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका. खाली पत्र्यांची छपरं, निळी प्लॅस्टिकं, मधूनच एखादा उंच माड. मरोळला उतरलो. आत्याचं वय अठ्ठ्याऐंशी. ऐकू कमी येतं, डोळे मात्र स्वच्छ. आजोबा गेले तेव्हा वारस म्हणून तिचं नाव लागलं. पुढे 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला, तेव्हा तिने ती बातमी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती.

तिने कागद ओळीवर बोट ठेवून वाचला. मग मला म्हणाली, "योजना कुठली, नीट सांग."

मी सांगितलं. राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना 2018 पासून आहे. त्यात सोळा बहुवार्षिक फळझाडं आहेत आणि कोकणाच्या कामाची बरीच आहेत : आंबा, काजू, नारळ, कोकम, फणस, जांभूळ, चिंच, आवळा. कोकणात तुकडे लहान, हे ओळखून इथे दहा गुंठ्यांपासून लाभ घेता येतो, वरची मर्यादा दहा हेक्टर. बाकी महाराष्ट्रात वीस गुंठ्यांपासून सहा हेक्टरपर्यंत. ज्यांच्याकडे जॉब कार्ड आहे त्या लहान शेतकऱ्यांसाठी रोजगार हमीतली फळबाग वेगळी. मसाल्याच्या झाडांना एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मदत होते. त्याच्या 2014 च्या नियमांत मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ यांच्यासाठी हेक्टरी 50 हजार रुपये खर्च धरून त्याच्या 40 टक्के, म्हणजे 20 हजार रुपये, देण्याची तरतूद होती.

"आणि मेली झाडं तर?" आत्याने विचारलं.

"तर पुढचे पैसे नाहीत. अनुदान तीन वर्षांत येतं. पहिल्या वर्षी निम्मं, दुसऱ्या वर्षी तीस टक्के, तिसऱ्या वर्षी वीस. कोरडवाहू बागेत शंभरातली ऐंशी झाडं जगलेली दिसली पाहिजेत, पाण्याखालच्या बागेत नव्वद."

"हे बरोबर आहे," आत्या म्हणाली. "लावणाऱ्यापेक्षा जगवणाऱ्याला द्यावं." मग तिने पेन मागितलं आणि छापील मजकुराखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : या संमतीमुळे माझा जमिनीतील हक्क कमी होत नाही. त्याखाली सही केली. मी ती ओळ पाहिली आणि घरी परतल्यावर बाकीच्या कागदांवरही तशीच लिहायची ठरवली. एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईने सगळ्या घराची धास्ती एका वाक्यात मिटवली होती. निघताना म्हणाली, "दरसाल रातांब्याची सोलं माझ्या दारात आली पाहिजेत. भावाला सांग."

अंधेरीहून बोरिवली. संध्याकाळ झाली होती. पूर्वेला काजूपाडा. मुंबई परिसरातली ही नावं वाचताना मला नेहमी थांबावंसं वाटतं : काजूपाडा, चिंचपाडा, आंबेवाडी, फणसवाडी. झाडं गेली, पाट्या राहिल्या. याच काजूपाड्यात चौथ्या मजल्यावर आमचे अण्णा राहतात, गावच्या धाकट्याचे सख्खे मोठे भाऊ. सहावी सही त्यांची, आणि सगळ्यांत अवघडही तीच.

अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. "मी सही करणार नाही. माझ्या बापाने एक्याण्णवला काजू लावला तेव्हा मी सुट्टी काढून खड्डे खणले होते. दोन वर्षं झाडं बरी होती. तिसऱ्या उन्हाळ्यात वणवा आला. जिवंत झाडं मोजायला माणसं आली, संख्या भरली नाही, हप्ता थांबला. नऊ झाडं उरली. बाबा रोज संध्याकाळी त्या काळ्या खुंटांकडे बघत बसायचे. अनुदान मिळतं रे, पण पाणी कोण घालणार? जाळरेषा कोण काढणार? माकडं कोण हाकणार?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण अण्णा खरं बोलत होते. कोकणात साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. कलम पहिली तीन वर्षं बाळासारखं सांभाळावं लागतं. वणवा, मोकाट गुरं, रानडुक्कर, माकड यांतून ते वाचवायला गावात माणूस हवा, आणि माणसं तर आम्ही सगळी इथे. शेवटी म्हणालो, "अण्णा, सही करू नका. माझ्याबरोबर गावी चला. जमीन बघा, भावाला भेटा, मग ठरवा."

बोरिवलीहून आता कोकणात थेट गाडी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी सुरू झाली. पश्चिम उपनगरातल्या कोकणी माणसाने त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली होती. पुढच्या शुक्रवारी सकाळी बोरिवलीच्या फलाटावर अण्णा माझ्याआधी येऊन उभे होते, हातात कापडी पिशवी, पिशवीत बापाचा जुना कोयता. गाडी वसईचा वळसा घेऊन भिवंडी, पनवेल करत रोह्याला कोकण रेल्वेला लागली. अण्णा वाटभर खिडकीतून बघत होते. करपलेले डोंगर, मधूनच हिरवी आंब्याची राई, मधूनच काळा पडलेला उतार. तसा उतार आला की ते मान फिरवत.

दुपारी रत्नागिरीला उतरलो आणि गावची एसटी पकडण्याआधी रिक्षाने भाट्याला गेलो. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे पुलापलीकडे 1955 साली सुरू झालेलं नारळ संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. "लाखी बाग" नावाने ओळखली जाणारी मिश्र बाग मला अण्णांना दाखवायची होती. तिची रचना समजायला सोपी आहे. माड साडेसात मीटरवर लावतात, एकरात सत्तरेक बसतात. माडाचा शेंडा उंच आणि मुळं बुंध्याजवळ, त्यामुळे मधली बरीच जमीन रिकामी राहते आणि तिच्यावर विरळ सावली पडते. मसाल्याच्या झाडांना तीच सावली हवी असते. माडाच्या खोडावर मिरीचे वेल, चार माडांच्या मध्यावर जायफळ, दोन माडांच्या मधे दालचिनी, खाली केळी नि अननस. एका माडाला दिलेल्या पाण्यावर चार पिकं. एकरातून लाखाचं उत्पन्न मिळावं, या हेतूवरून तिला लाखी हे नाव पडलं.

आम्ही बागेत शिरलो तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा होता. एका जायफळाचं फळ झाडावरच उकललं होतं, आत लालभडक जायपत्री. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी लावलं तर फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळतच नाही. म्हणून मादी झाडाची कलमं लावायची आणि परागासाठी थोडे नर ठेवायचे. दालचिनीची "कोकण तेज", जायफळाची "कोकण सुगंधा" या याच विद्यापीठाच्या जाती. काजूच्या वेंगुर्ला जाती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या. "वेंगुर्ला 4" आणि "वेंगुर्ला 7" ही नावं आज कोकणातला कुठलाही काजूवाला झोपेत सांगेल. मिरीची "पन्नीयूर 1" मात्र केरळची.

केरळचं नाव निघालं की मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. नारळ विकास मंडळ 1981 पासून कोचीला, मसाला मंडळ 1987 पासून कोचीला, काजू आणि कोकोचं संचालनालय कोचीला, सुपारी आणि मसाल्याचं कालिकतला. तिथला शेतकरी आपल्या बागेत राहिला, संघटित झाला, म्हणून संस्था त्याच्या दारात आल्या. आपल्याकडे काजूचं स्वतंत्र राज्य मंडळ व्हायला 2023 साल उजाडलं. त्याचं मुख्यालय वेंगुर्ल्याला ठरलं. 2024 च्या हंगामात काजू बीचे भाव पडले, तेव्हा किलोला 10 रुपये अनुदान जाहीर झालं. त्यासाठीही सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी होती. बाग आहे पण नोंद नाही, अशांची त्या वेळी किती धावपळ झाली ते मी गावात पाहिलं आहे. कागदाचा कंटाळा करून चालत नाही.

अण्णांनी एका माडाला हात लावला, मिरीचा वेल वरपर्यंत बघितला. "याला माकड हात लावत नाही म्हणतात," ते स्वतःशीच बोलले. बागेतून बाहेर पडेपर्यंत आणखी काही बोलले नाहीत.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सकाळी उठून वरकशीवर गेलो. धाकटा आधीच तिथे होता. त्याने सांगितलं नव्हतं, पण आपल्या पैशाने कडेची जाळरेषा काढून ठेवली होती, तीन मीटर रुंद, गवत मुळापासून खरवडलेलं. वरच्या कातळाच्या कडेला पावसाचं पाणी साठवायला खड्डा खणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरायची तयारी केली होती. बापाने लावलेल्या नऊ काजूंपैकी सात अजून उभे होते. त्यांच्या बुंध्याशी पाला गोळा केलेला होता. अण्णा एकेका झाडाजवळ गेले, खोडावरून हात फिरवला, वाळक्या फांद्या कोयत्याने साफ केल्या. दोघे भाऊ तासभर एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकाच झाडाची फांदी एक धरत होता आणि दुसरा तोडत होता.

मग अण्णा पावलं टाकत जमीन मोजू लागले. "पहिल्या वर्षी वीस गुंठे," ते म्हणाले. "सगळी वरकस नको. सात मीटरवर काजू धर. किती बसतील?"

"चाळीस," धाकटा म्हणाला.

"चाळीसांतली बत्तीस जगव. मग उरलेल्या जमिनीच्या सह्या मी स्वतः मुंबईभर हिंडून आणीन."

त्यांनी कागद कोयत्याच्या पात्यावर ठेवून सही केली. त्याआधी आत्याची ओळ आपल्याही हाताने लिहिली. धाकट्याने त्या दिवशी पहिला खड्डा खणला. मातीत शेणखत मिसळून तो भरून ठेवायचा, जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की परवानाधारक रोपवाटिकेतून कलमं आणायची, ती बिलं जपून ठेवायची. परसातल्या अकरा माडांच्या बुंध्याशी मिरीचे दोन-दोन वेल लागतील. दालचिनीची बारा रोपं भाट्याला सांगून ठेवली आहेत.

परत निघण्याआधी मी सहा कागद पुन्हा एकदा मोजले. सह्या गोळा करायला मला एक रविवार, एक शुक्रवार आणि एक शनिवार लागला होता. आमची वरकस मात्र त्यांची वाट बघत तीस वर्षं पडून होती.

मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जोगेश्वरी, बोरिवली इथे राहणाऱ्या माझ्या कोकणी बंधुभगिनींना एवढंच सांगायचं आहे. सरकारच्या योजनांत उणिवा आहेत. माकडाचा बंदोबस्त या फळबागेच्या अनुदानात नाही, आणि उन्हाळ्यात पाणी शेवटी माणसालाच घालावं लागतं. पण पैसा आहे, कलमं आहेत, शिकवणारं विद्यापीठ आहे, आणि गावात एखादा तरी भाऊ अजून कुदळ धरून उभा आहे. तो आपल्याकडे पैसे मागत नाही, फक्त आपलं नाव मागतो. गणपतीला आपण सगळे खातेदार पाच दिवस एका छपराखाली असतो. यंदा आरती झाली की ताटाशेजारी सातबारा ठेवा. हक्क कमी होत नाही, ही ओळ आधी लिहा आणि मग सही करा. ज्यांना आपला हिस्सा वेगळा हवा त्यांनी महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घ्या, त्यातही लाज नाही. जमीन पडीक ठेवू नका. जो जगवायला तयार आहे, त्याच्या हातात चाळीस कलमं पडू द्या.